फोटो लहान दिसतो, पण हलका झालाय का? वर्डप्रेसमध्ये फोटोंची मापं सांभाळताना

आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट मी फावल्या वेळात बघतो. २०२३ च्या दिवाळीत चाळीस दिवाळी अंकांची मुखपृष्ठं एका पानावर टाकली, एका ओळीत तीन अशी. लॅपटॉपवर पान झकास दिसत होतं. दुसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सभासदांचा फोन आला, "अहो, पहिल्या दोन ओळी दिसतात, खाली सगळं पांढरंच आहे." त्यांच्या फोनला रेंज कमी असेल असं म्हणून मी विषय बाजूला सारला. तिसरा फोन आल्यावर मात्र पानाचं वजन बघितलं. ते पंचवीस एमबीच्या घरात होतं.

चूक साधी होती. मुखपृष्ठं पडद्यावर तिकिटाएवढी दिसत होती, म्हणून फाइलीही तेवढ्याच असतील असं मी धरून चाललो होतो. एडिटरमध्ये काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा हा गैरसमज एकदा तरी होतोच. म्हणून आधी तो निस्तरू, मग एकेक पायरी बघू. उदाहरण वर्डप्रेस या वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरच्या ब्लॉक एडिटरचं (लेख लिहायच्या खिडकीचं) घेतलंय, कारण तेच रोज वापरतो. इतर एडिटरांत बटणांची नावं वेगळी असतील, हिशोब तोच.

चौकट वेगळी, फाइल वेगळी

भिंतीवर फ्रेम लावायची तर फोटो फ्रेमच्या मापाचा काढून घेतो. वेबसाइटवर उलट घडू शकतं: दारावर लावायच्या होर्डिंगएवढा फोटो घरी आणायचा आणि पासपोर्ट फोटोच्या चौकटीत तो जादूने आक्रसून दाखवायचा. ब्राउझर ही जादू बिनतक्रार करतो, पण होर्डिंग वाहून आणायची हमाली वाचकाच्या डेटापॅकला पडते. एडिटरमध्ये फोटोचा कोपरा धरून आत ओढला की बदलते ती चौकट. फाइल जिथल्या तिथे, जशीच्या तशी राहते.

आता फाइलीचं बघा. फोनने उभा काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ३००० × ४००० पिक्सेलचा असतो. तो अपलोड झाला की वर्डप्रेस त्याच्या धाकट्या प्रती काढतं. मूळ सेटिंग न बदलता त्या अशा निघतात: थंबनेल १५० × १५०, मीडियम २२५ × ३००, लार्ज ७६८ × १०२४. याखेरीज ११५२ × १५३६ आणि १५३६ × २०४८ अशा दोन प्रती एडिटरच्या यादीत न दिसता पडद्यामागे राहतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून आणखी एक गोष्ट होते. लांब बाजू २५६० पिक्सेलपेक्षा मोठी असेल तर वर्डप्रेस ती २५६० वर आणून ठेवतं, नावापुढे 'स्केल्ड' जोडतं आणि हीच प्रत 'फुल साइझ' म्हणून वापरतं. तुमची अस्सल फाइल सर्व्हरवर पडून राहते, जागा खात.

वरच्या आकड्यांत एक मेख आहे, ती मला फार उशिरा कळली. 'लार्ज' म्हणजे रुंदी १०२४ असं आपण समजतो. प्रत्यक्षात ती १०२४ × १०२४ च्या पेटीत मावेल एवढी प्रत असते. आडवा फोटो १०२४ रुंद निघतो, पण उभ्या फोटोची उंची आधी मर्यादेला टेकते आणि रुंदी ७६८ वरच थांबते. 'मीडियम'मध्ये तर उभ्या मुखपृष्ठाला २२५ पिक्सेल रुंदी मिळते. मग ते धूसर दिसतं, आपण वैतागून 'फुल साइझ' निवडतो, आणि पंचवीस एमबीच्या रस्त्याला लागतो.

पायरी पहिली: मजकुराचा रकाना मोजा

फोटो किती रुंद हवा हे फोटोवरून नाही, पानावरून ठरतं. आपल्या साइटचा कुठलाही लेख लॅपटॉपवर क्रोममध्ये उघडा, एखाद्या परिच्छेदावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडा. उजवीकडे उघडलेल्या कोडमधल्या त्या ओळीवर माउस नेला की पानावर निळसर पट्टा आणि शेजारी माप दिसतं. पहिला आकडा रुंदीचा. ट्वेंटी ट्वेंटी-फोर ही थीम (साइटचा तयार साचा) असेल तर तो ६२० येईल. तुमचा जो येईल तो कागदावर लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे.

या आकड्याची दुप्पट करा. आजकालच्या बऱ्याच पडद्यांवर एका 'कागदी' पिक्सेलमागे खरे दोन किंवा तीन पिक्सेल असतात. ३६० रुंदीचा म्हणून ओळखला जाणारा फोन तिप्पट घनतेचा असेल तर प्रत्यक्षात १०८० ठिपके दाखवतो. ६२० च्या रकान्याला १२४० रुंदीची फाइल दिली की लॅपटॉप आणि फोन दोघांचंही भागतं. तिप्पट देण्याच्या भानगडीत मी पडत नाही. वजन वाढतं आणि फरक डोळ्याला दिसत नाही.

पायरी दुसरी: फोटो टाकण्याआधी सेटिंग बदला

डॅशबोर्डमध्ये (साइट चालवायच्या आतल्या पानावर) सेटिंग्ज, मग मीडिया. इथे थंबनेल, मीडियम आणि लार्जची कमाल मापं लिहिलेली असतात. फार थोडे लोक या पानावर येतात, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

आमच्या वाचनालयाचा रकाना ६२० चा. तीन स्तंभांची गॅलरी केली की एका मुखपृष्ठाला जवळपास २०० पिक्सेल मिळतात. फोनवर गॅलरी दोन स्तंभांची होते, तिथे एकाला १६० च्या आसपास, घनतेने तिप्पट केले तर ४८०. म्हणून मीडियमची कमाल रुंदी मी ६०० केली आणि कमाल उंचीत ८०० लिहिलं. आता उभं मुखपृष्ठ ६०० × ८०० निघतं आणि आडवा फोटो ६०० × ४५०. दोघंही उपाशी राहत नाहीत. लार्जला १२८० आणि उंचीत ०. उंचीच्या रकान्यात शून्य लिहिलं की उंचीवर मर्यादा राहत नाही, फक्त रुंदी बघितली जाते. ज्यांच्या साइटवर उभे फोटो जास्त येतात त्यांनी हा शून्य जरूर वापरावा.

थंबनेलला हात लावायची सहसा गरज पडत नाही. तिथे 'ठरलेल्या मापात कापा' असा जो पर्याय टिचकलेला असतो तो मात्र लक्षात ठेवा. थंबनेल चौरस निघते, म्हणजे बाजू कापून.

नवी मापं फक्त यापुढे अपलोड होणाऱ्या फोटोंना लागू होतात. जुन्यांचं काय करायचं ते शेवटी.

पायरी तिसरी: अपलोडपूर्वी

आमच्याकडे कार्यक्रमाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. नेहमीसारखा पाठवलेला फोटो तिथेच दाबला जातो. लांब बाजू सहसा १६०० च्या आसपास उरते आणि बारकावे पुसट होतात. लेखाच्या रकान्यासाठी हे चालून जातं. पानभर पसरणाऱ्या फोटोसाठी चालत नाही. पाठवणाऱ्याला "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगा, म्हणजे मूळ फाइल येते. तोच फोटो तीन ग्रुपांतून फिरून आला असेल तर पहिल्या माणसाकडून मागवा. ढेरपोट्या जेपीईजीपेक्षा चुरगळलेली जेपीईजी वाईट. ती पुन्हा सरळ करता येत नाही.

मूळ फाइल आली की ती तशीच ढकलू नका. कापायचं ते आधी कापा: छत, पंख्याची पाती, समोरच्या रांगेतल्या डोक्यांच्या मागच्या बाजू. मग लांब बाजू २००० च्या आत आणा. विंडोजवर पेंटमधलं 'रिसाइझ', मॅकवर प्रिव्ह्यू, किंवा ब्राउझरमध्येच चालणारं गूगलचं स्क्वूश, काहीही चालेल. १२ मेगापिक्सेलचा फोटो उलगडताना सर्व्हरला दर पिक्सेलमागे ४ बाइट धरले तरी जवळपास ४८ एमबी मेमरी लागते, आणि ५० मेगापिक्सेलच्या फोटोला २०० एमबी. स्वस्तातल्या होस्टिंगला हे झेपत नाही. मग अपलोड शंभर टक्के होऊन शेवटी लाल पट्टी येते आणि फोटो २५६० पिक्सेलपर्यंत लहान करण्याचा सल्ला मिळतो. तो सल्ला खरा आहे, ऐका.

फॉरमॅटबद्दल एकच कडक नियम पाळतो: कॅमेऱ्याने टिपलेला फोटो पीएनजी नको. त्या दिवाळीच्या पानावर चाळीसपैकी सहा मुखपृष्ठं पीएनजी होती, आणि त्या सहांचं वजन उरलेल्या चौतिसांपेक्षा जास्त भरलं. वरची २५६० ची कात्रीही पीएनजीला लागत नाही. जेपीईजी चांगली, वेबपी त्याहून हलकी, आणि वर्डप्रेस ती जुलै २०२१ च्या ५.८ आवृत्तीपासून स्वीकारतं. एव्हीआयएफ एप्रिल २०२४ च्या ६.५ पासून चालतं, पण सर्व्हरचीही तयारी लागते, म्हणून आधी एक फोटो टाकून बघा.

छपाईच्या धंद्यातून आलेली मंडळी "डीपीआय (एका इंचात किती ठिपके) बहात्तर ठेवलाय ना?" असं विचारतात. वेबसाठी या आकड्याला अर्थ नाही. १२४० × ८२६ चा फोटो ७२ डीपीआयचा असो की ३०० चा, पडद्यावर तो सारखाच दिसतो. विचारणाऱ्याशी वाद घालू नये, मान डोलवावी.

एक गोष्ट मापाची नाही, तरी सांगतो. फोनच्या फोटोत तो कुठे काढला याचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. सभासदाच्या घरी काढलेला फोटो असेल तर अपलोडपूर्वी ते काढून टाका.

पायरी चौथी: एडिटरमध्ये

फोटो ब्लॉकमध्ये आला की उजव्या साइडबारमध्ये अ‍ॅस्पेक्ट रेशो, विड्थ, हाइट आणि रिझोल्युशन असे पर्याय दिसतात. यातला रिझोल्युशन हा सगळ्यात खाली असतो आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे. कोणती फाइल द्यायची हे तो ठरवतो. बाकीचे तिघे चौकट ठरवतात. म्हणून माझा क्रम ठरलेला: आधी रिझोल्युशन, मग रुंदी.

रकानाभर फोटो हवा असेल तर लार्ज. अर्ध्या रकान्यात डावी-उजवीकडे मजकूर वळवायचा असेल तर मीडियम, आणि विड्थमध्ये ३०० असा आकडा हाताने लिहा. कोपरा ओढून माप ठरवलं की एका लेखात २९७, दुसऱ्यात ३११ असे आकडे पडतात आणि साइट शिवण उसवल्यासारखी दिसते. हाइट रिकामी सोडा. गुणोत्तर आपोआप राखलं जातं. विड्थ आणि हाइट दोन्ही भरल्या की 'स्केल' नावाचा पर्याय उगवतो. त्यात 'कव्हर' निवडलं तर चौकट भरेपर्यंत फोटो वाढतो आणि बाहेर उरलेलं झाकलं जातं. 'कंटेन' निवडलं तर अख्खा फोटो आत मावतो आणि बाजूला रिकामी जागा राहते. माणसांना कव्हर, मुखपृष्ठांना आणि कागदपत्रांना कंटेन. मुखपृष्ठावर अंकाचं नावच कापलं गेलं तर संपादकांचा फोन येतो, आलेला आहे.

फुल साइझ कधी? थीममध्ये 'फुल विड्थ' रचना असेल आणि फोटो खरोखर काठापासून काठापर्यंत पसरणार असेल तेव्हा. एरवी नाही.

"पण वर्डप्रेस फोनला आपोआप लहान फाइल देतं ना?" हो. डिसेंबर २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून पान ब्राउझरला सगळ्या प्रतींची यादी देतं आणि ब्राउझर त्यातली सोयीची उचलतो. गोम अशी की फोटो पानावर किती रुंद दिसणार आहे याचा अंदाजही पानच त्याला कळवतं, आणि तो अंदाज तुम्ही निवडलेल्या रिझोल्युशनवरून निघतो. फुल साइझ निवडलं की पान सांगतं, "हा फोटो पडद्याभर आहे." माझ्या गॅलरीत नेमकं हेच घडलं. ३६० रुंदीच्या फोनने १०८० ठिपके लागतील असं धरून ११५२ रुंदीची प्रत मागवली, आणि ती दाखवली १६० च्या चौकटीत. चाळीस वेळा.

नोव्हेंबर २०२४ च्या ६.७ आवृत्तीत हे पुष्कळ सुधारलं. जे फोटो वाचक खाली सरकला की मगच मागवले जातात, त्यांच्या बाबतीत ब्राउझर आता चौकट प्रत्यक्ष मोजून फाइल निवडू शकतो. मात्र सगळ्या ब्राउझरांना हे अजून येत नाही, आणि पानाच्या माथ्यावरचा पहिला मोठा फोटो थांबवून ठेवला जात नाही, त्यामुळे त्याला ही सोय मिळत नाही. वाचकाला आधी दिसतो तोच फोटो. त्याचं रिझोल्युशन तरी हाताने नीट निवडा.

दुसऱ्या साइटवरून किंवा गूगल डॉक्समधून फोटो थेट चिकटवला असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. वर्डप्रेसला त्याचं माप माहीत नसतं, धाकट्या प्रती नसतात, आणि जागा राखून न ठेवल्यामुळे फोटो येताच मजकूर टुणकन खाली उडी मारतो. वाचक नेमका त्याच क्षणी एखाद्या दुव्यावर बोट टेकवत असतो. अशा फोटोवर क्लिक केलं की वरच्या पट्टीत तो मीडिया लायब्ररीत उतरवून घेण्याचं बटण दिसतं. ते दाबा.

अक्षरं असलेले फोटो

सूचना, निमंत्रणपत्रिका, स्पर्धेचे फलक, जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं. मराठी साइटांवर हे भरपूर असतात, आणि मापांचा खरा छळ इथे होतो. देवनागरीत अर्थ वर-खाली टांगलेला असतो. फोटो लहान करताना आधी जातो तो अनुस्वार, मग रफार, मग उकार. 'चिंच'ची 'चिच' होते. 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक दोन पिक्सेलांवर येऊन ठेपतो. त्याच मापात इंग्रजी कॅपिटल अक्षरं वाचता येतात, म्हणून इंग्रजी नमुना बघून ठरवलेलं माप आपल्याला पुरत नाही.

ए-फोर कागदावरची पत्रिका फोनवर ३६० रुंदीत बसवली की तिच्यातली बारीक ओळ वाचता येणार नाही, फाइल कितीही मोठी असली तरी. इथे चौकटच अपुरी आहे. म्हणून मजकूर लेखात टाइप करून द्यायचा आणि पत्रिका शोभेपुरती ठेवायची. शोधायला सोपं, आणि स्क्रीन रीडर (मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनाही कळतं. कात्रणाच्या बाबतीत टाइप करणं शक्य नसतं, तेव्हा फोटो लार्ज ठेवून ब्लॉकमधल्या लिंकच्या पर्यायातून 'क्लिकवर मोठा' करा किंवा मूळ फाइलचा दुवा द्या, म्हणजे वाचकाला बोटांनी ताणून बघता येईल. संगणकावरच्या स्क्रीनशॉटला मात्र पीएनजीच बरी. जेपीईजीत अक्षरांच्या कडेने राखेसारखे ठिपके येतात. स्क्रीनशॉट घेतानाच खिडकी अरुंद करून घ्या, म्हणजे नंतर लहान करावा लागणार नाही.

मुख्य फोटो आणि कापली जाणारी डोकी

लेखाचा मुख्य फोटो, म्हणजे फीचर्ड इमेज, एकदा निवडतो आणि तो तीन ठिकाणी तीन मापांत दिसतो. लेखांच्या यादीत आडव्या कार्डावर, लेखाच्या माथ्यावर पट्ट्यासारखा, फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा टाकला की तिसऱ्याच आकारात. जुन्या थीम तो मधोमध धरून कापतात. सत्काराच्या फोटोत पाहुणे मधोमध असतात, पण त्यांचं डोकं वरच्या एक तृतीयांश भागात असतं, आणि पट्ट्यात उरतात शाल आणि श्रीफळ.

उपाय असा, की फीचर्ड इमेज आडवाच निवडा आणि चेहऱ्यांच्या वर-खाली मोकळी जागा ठेवून कापा. १२०० × ६३० हे फेसबुकच्या दुव्यासाठी सुचवलं जाणारं माप. याच प्रमाणात कापलेला फोटो बहुतेक ठिकाणी निभावून जातो. उभं मुखपृष्ठच द्यायचं असेल तर ते आडव्या रंगीत पार्श्वभूमीवर मधोमध ठेवून नवी फाइल करा. कव्हर ब्लॉक (फोटोवर मजकूर ठेवायचा ब्लॉक) वापरत असाल तर साइडबारमध्ये 'फोकल पॉइंट'चा ठिपका मिळतो. तो पाहुण्यांच्या नाकावर नेऊन ठेवा, मग चौकट कशीही बदलो.

मीडिया लायब्ररीत फोटो उघडून 'एडिट इमेज' केलं तर पूर्वी बदल फक्त थंबनेलला लागू करण्याची सोय दिसायची; ऑगस्ट २०२३ च्या ६.३ आवृत्तीपासून ती आपोआप दिसत नाही. तुमच्याकडे ती दिसत असेल आणि चौरस थंबनेलमध्ये अर्धाच चेहरा येत असेल तर ती वापरा, मूळ फोटो शाबूत राहतो. त्याच पानावर 'स्केल'ने फोटो लहान करता येतो, मोठा करता येत नाही.

जुन्या फोटोंचं

सेटिंग बदलल्यावर आधीच्या फोटोंच्या नव्या प्रती काढण्यासाठी रिजनरेट थंबनेल्स हे प्लगइन (वर्डप्रेसला वरून जोडायचं छोटं साधन) आहे. आधी बॅकअप घ्या. त्यात जुन्या मापाच्या फाइली पुसण्याचा एक पर्याय आहे, तो पहिल्या फेरीत टिचकू नका. जुन्या लेखांत २२५ × ३०० वाल्या फाइलीचा पत्ता जसाच्या तसा लिहिलेला असतो. ती पुसली की तिथे फुटकं चित्र दिसेल. नव्या प्रती तयार झाल्या तरी जुना लेख आपण होऊन त्या वापरत नाही, तो उघडून रिझोल्युशन पुन्हा निवडावं लागतं. शेकडो लेख असतील तर सगळे उघडू नका. सर्वाधिक वाचली जाणारी दहा-पंधरा पानं धरा.

तपासणी

पान प्रसिद्ध केलं की फोटोवर राइट क्लिक करून तो नव्या टॅबमध्ये उघडा. वर्डप्रेस धाकट्या प्रतीच्या नावातच माप लिहितं, आणि क्रोम टॅबच्या शीर्षकातही ते दाखवतं. चौकटीचं माप पहिल्या पायरीतल्या 'इन्स्पेक्ट'ने कळतं. फाइलची रुंदी चौकटीच्या दुप्पट ते तिप्पट असेल तर ठीक. पाचपट असेल तर रिझोल्युशन चुकलंय, आणि चौकटीपेक्षा कमी असेल तर फोटो ताणला जाऊन धूसर दिसतोय. मुखपृष्ठांच्या पानावर आता चौकट २०० ची आहे आणि टॅबवर ६०० × ८०० लिहून येतं.